चिवट पोर्क चॉप पुन्हा शिजवायला ठेवू नका : एअर फ्रायरमधील या चुका टाळा

मटण चिवट लागले की ते शिजलेले नाही असे आपण समजतो आणि कुकरच्या आणखी दोन शिट्ट्या काढतो. ही सवय मटणापुरती योग्यच आहे. खांद्याचे किंवा पोटाचे पोर्क घेऊन केलेल्या विंदालूलाही ती लागू पडते, कारण त्या भागांतील कोलॅजन मंद आचेवर बराच वेळ शिजल्यावरच विरघळते. चॉप मात्र डुकराच्या पाठीचा, कण्यालगतचा भाग असतो. त्या स्नायूला फारसे काम नसल्यामुळे त्यात कोलॅजन थोडे असते आणि चरबीही बहुतेक कडेच्या पट्टीपुरतीच असते. म्हणून एअर फ्रायरमधून काढलेला चॉप चावता येत नसेल, तर तो कच्चा नसून बहुधा जास्त शिजलेला असतो, आणि त्याला आणखी पाच मिनिटे देणे म्हणजे उरलासुरला रसही घालवणे होय.

पहिल्या खेपेला मी हेच केले. कृतीत २०० अंशांवर १४ मिनिटे असे लिहिले होते आणि मी निमूटपणे तेवढी दिली. कृती इंचभर जाडीच्या चॉपची होती आणि कोल्ड स्टोरेजमधून, म्हणजे पोर्कच्या दुकानातून आणलेले माझे चॉप जेमतेम एक सेंटिमीटरचे होते, हे ध्यानात आले तेव्हा ते द्रोणासारखे वर वळलेले होते आणि सुरी त्यांवरून करकरत चालली होती.

खरी चूक त्यामुळे दुकानातच होते. मुंबईत पोर्क विकणारे दुकानदार न सांगता चॉप पातळच कापून देतात, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना ते तव्यावर परतायचे असतात. एअर फ्रायरमध्ये पातळ चॉपचा बाहेरचा भाग तांबूस होईपर्यंत आतला भाग कोरडा पडतो. म्हणून ‘हाडासकट, इंचभर जाड’ असे स्पष्ट सांगावे आणि सुरा चालवण्यापूर्वी बोटाने जाडी दाखवावी. मांसात तांदळाच्या ते मटारच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले, तर ते पट्टकृमीचे असू शकतात. ते मांस घेऊ नये. घरी आल्यावर कडेच्या चरबीला दोन-तीन ठिकाणी मांसापर्यंत चिरा द्याव्यात. ती पट्टी मांसापेक्षा लवकर आक्रसते आणि चॉप वळतो तो त्यामुळेच.

मिठाच्या बाबतीत बहुतेक जण घाई करतात. शिजवताना वरून भुरभुरलेले मीठ फक्त चवीला उपयोगी पडते. आधी मुरलेले मीठ स्नायूंतील प्रथिने सैल करते आणि त्यामुळे मांस तापल्यावरही बरेचसे पाणी धरून ठेवते. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट टेबलस्पून बारीक मीठ विरघळवून त्यात चॉप तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावेत. पाण्याचा व्याप नको असेल, तर प्रत्येक चॉपला अर्धा चहाचा चमचा मीठ चोळून तो रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवावा. मला ही दुसरी रीत अधिक आवडते, कारण तिने वरचा थरही सुकतो. व्हिनेगर मात्र रात्रभर नको. इंदियालमध्ये, म्हणजे ईस्ट इंडियन लोकांच्या विंदालूसारख्या आंबट पदार्थात, रस्सा असल्यामुळे आंबटाचा दोष झाकला जातो, पण चॉपचा वरचा थर त्याने भुसभुशीत होतो, तासभर पुरे.

ओला चॉप यंत्रात टाकणे ही चूक दिसायला किरकोळ आहे, पण पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाईपर्यंत तो खमंग होत नाही आणि तोवर आतला भाग पुढे शिजत राहतो. जुलैच्या दमट हवेत तर मांस पुसून ठेवले तरी पुन्हा ओलसर होते, म्हणून ते यंत्रात ठेवण्याच्या अगदी आधी पुसावे. फ्रीझरमधला चॉपही आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून पूर्ण सुटू द्यावा, ओट्यावर ठेवू नये.

बॉटल मसाला किंवा कोणताही कोरडा मसाला वरून शिंपडला, तर पंख्याच्या झोताने तो उडून वरच्या तापलेल्या कॉइलवर जातो आणि घरभर ठसका उठतो. तो चमचाभर तेलात कालवून लावावा. मध किंवा गूळ लावायचा असेल, तर शेवटच्या दोन मिनिटांत. चरबी ठिबकून धूर होत असल्यास जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालावे. सोसायटीतल्या शाकाहारी शेजाऱ्यांशी संबंध टिकवण्यासही ते बरे.

यंत्र पाच मिनिटे आधी तापवावे आणि चॉप एकावर एक न ठेवता मध्ये बोटभर अंतर ठेवावे, कारण गरम हवा सर्व बाजूंनी फिरली तरच ते भाजले जातात. चार लिटरच्या यंत्रात दोनच चॉप नीट बसतात. तिसरा दाटीवाटीने कोंबल्यास तिन्ही उकडल्यासारखे होतात.

आता वेळेचा प्रश्न. इंचभर जाड चॉपला २०० अंशांवर साधारण १० ते १२ मिनिटे लागतात, मध्ये एकदा उलटावा लागतो. पण प्रत्येक यंत्र वेगळे तापते, म्हणून आठव्या मिनिटापासून मांसाचा थर्मामीटर वापरावा. त्याची सुई चॉपच्या कडेतून आडवी, मध्यापर्यंत आणि हाडाला न टेकवता खुपसावी. हाडाला टेकली तर आकडा चुकतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती ही मर्यादा ठरवली. खिम्यासाठी मात्र ७१ अंश कायम आहेत. घरात गर्भवती किंवा वृद्ध व्यक्ती असेल, किंवा मांस कुठून आले याची खात्री नसेल, तर चॉपही ७१ अंशांपर्यंत न्यावा. मीठ मुरलेला जाड चॉप तेवढ्यानेही अगदी कोरडा पडत नाही. रंगावर विसंबू नये: ६३ अंशांवर मध्यभागी फिकट गुलाबी छटा राहू शकते आणि तिला घाबरून चॉप परत आत ढकलणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक असते.

एवढे करूनही चॉप वातड झालाच, तर तो मांसाच्या तंतूंना आडवा, अगदी पातळ कापून गरम रश्शात शेवटी घालावा आणि गॅस बंद करावा, उकळू नये. चांगला जमला असेल, तर तो पाच मिनिटे ताटलीत राहू द्यावा आणि तेवढ्या वेळात ताटलीत उतरलेला रस फेकून न देता चॉपवरच ओतावा किंवा पावाने टिपून घ्यावा.