तिकीट दीडशेचं, हातात सत्तावन्न: छोट्या मराठी सिनेमाचा हिशेब

पहिला सिनेमा करायला निघालेली मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. स्क्रिप्ट झालेली असते, कॅमेरामन ठरलेला असतो, गावाकडचा वाडाही बघून ठेवलेला असतो. प्रश्न बहुतेक एकच असतो: "दादा, एक कोटीत होईल ना?"

होईल. आपली कथा चार माणसांची, एका घरातली, एका गावातली असेल तर एक कोटीत नीटच होईल. पण तो थिएटरात लावायला आणि तिथे दोन आठवडे टिकवायला पुन्हा पैसे लागतात. ते मी आधी बाजूला काढले होते आणि नंतर माझ्याच सहीने खाल्ले. म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे सगळे मिळून १ कोटी २५ लाख होते. चार मित्रांचे, थोडं कर्ज आणि मोठा वाटा मामांचा. १ कोटीत सिनेमा आणि २५ लाख रिलीजला, असं ठरलं होतं. वाईजवळ २६ दिवसांचं शूटिंग होतं, एक दिवस साधारण सव्वादोन लाखाला पडत होता. शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. मेणवलीच्या घाटावर प्लॅस्टिकखाली कॅमेरा झाकून सगळं युनिट बसून होतं, जनरेटरवाला डिझेलचे पैसे मागत होता, जेवणाचा टेम्पो परत निघाला होता. दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "हा सीन गेला तर सिनेमा गेला." खरं होतं ते. मी चार दिवस वाढवले, नऊ लाख गेले. पुढे डीआय, म्हणजे चित्रांचे रंग नीट करण्याचं काम, आणि पार्श्वसंगीतात आणखी दोन गेले. रिलीजच्या २५ लाखांचे १४ झाले. तेव्हा वाटलं होतं, सिनेमा चांगला झालाय, लोक येतील, पैसे उभे राहतील.

तो सीन सिनेमातला सगळ्यात चांगला सीन आहे. मी आजही तो कापणार नाही. पण त्याचे पैसे मी चुकीच्या खिशातून काढले.

आता खड्डा नेमका कुठे होता ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण हे समजलं नाही तर बाकीचं वाचून उपयोग नाही.

पैसे उभे करताना आपण सगळे 'सैराट' दाखवतो. २०१६ सालचा, सुमारे चार कोटींत झाल्याचं बोललं जाणारा आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा. मीही मामांना तोच दाखवला. त्यामागे झी स्टुडिओजसारखी मोठी कंपनी होती, अजय-अतुल यांची गाणी आधीच घराघरात वाजत होती, हे मी सांगितलं नाही, कारण माझ्याच डोक्यात ते नव्हतं. त्याहून मोठी चूक म्हणजे मी 'कलेक्शन' हा शब्द 'आपले पैसे' असा वाचत होतो. पेपरात येतो तो आकडा प्रेक्षकांनी खिडकीवर दिलेला असतो. तिथून तुमच्यापर्यंत येईस्तोवर तो तीन-चार ठिकाणी कापला जातो.

हे मला शिकवलं वितरकाच्या ऑफिसातल्या हिशेबनीस काकांनी. रिलीजनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी त्यांनी आमच्या डीसीआरचा, म्हणजे थिएटरच्या रोजच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीने वर १५० लिहिलं. "हे बघा, हे तुमचं तिकीट." शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. तो आत धरलेलाच असतो, म्हणजे दीडशेतले जवळपास तेवीस गेले, राहिले १२७. हा झाला नेट. त्यातला अर्धा थिएटरचा. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला. त्यातून पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे ३० असा नेटमधला निर्मात्यांकडचा वाटा ठरला. आमच्या करारातही तेच आकडे होते. म्हणजे पहिल्या आठवड्यात उरले साडेत्रेसष्ट. त्यातून वितरकाचं दहा टक्के कमिशन. काकांनी खाली ५७ लिहिलं आणि त्याला गोल केला. "दीडशेतले हे तुमचे. दुसऱ्या आठवड्यात याहून कमी."

मी तिथेच बसून भागाकार केला. १ कोटी २५ लाख भागिले ५७. नुसत्या थिएटरमधून पैसे वसूल करायचे तर सुमारे २ लाख १९ हजार तिकिटं विकायला हवी होती. हा भागाकार मला दीड वर्ष आधी करता आला असता, पाचवीच्या मुलालाही येतो. तुम्ही आज रात्रीच करा, तुमच्या बजेटचा. आणि आलेला आकडा तुमच्या तालुक्याच्या लोकसंख्येशेजारी ठेवून बघा.

आमची तिकिटं विकली गेली पंधरा हजारांच्या आसपास. दोन आठवड्यांत ग्रॉस २२ लाख ४२ हजार, नेट १९ लाख. पहिल्या आठवड्याच्या १६ लाखांतले ८ आणि दुसऱ्याच्या ३ लाखांतले १ लाख २७ हजार ५०० आमच्याकडे आले, कमिशन वजा जाता ८ लाख ३४ हजार ७५०. बातमीत '२२ लाख' वाचून ज्यांनी अभिनंदनाचे फोन केले, त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

आणि व्हीपीएफ, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फी. पूर्वी रिळांच्या प्रिंट काढायला पैसे लागायचे, आता क्यूब, यूएफओ अशा कंपन्यांच्या यंत्रणेवर सिनेमा दाखवण्याचे स्क्रीनप्रमाणे लागतात. हे पैसे शुक्रवारच्या आधी भरावे लागतात. सिनेमाची फाइल थिएटरात पोचलेली असते, पण ती उघडायची डिजिटल किल्ली, केडीएम, पैसे भरल्याशिवाय सुटत नाही. ६२ थिएटरांचे आमचे ५ लाख १० हजार गेले. म्हणजे १४ लाखांतले प्रसिद्धीला उरले ८ लाख ९० हजार. त्यात पोस्टर, ट्रेलर, सोशल मीडिया, दोन शहरांत होर्डिंग, कलाकारांचा प्रवास. तेवढ्या पैशांत सिनेमा लागलाय हे कळेपर्यंतच तो उतरला.

६२ थिएटरं घेतली हीसुद्धा चूक होती. आकडा मोठा दिसावा म्हणून घेतली. ठाण्यात एका मल्टिप्लेक्सला आमचा शो सकाळी पावणेदहाचा होता. शुक्रवारी मी स्वतः गेलो. सात जण होते, त्यातले तीन आमच्याच कलाकाराच्या घरचे. उलट कराडला रविवारपासून गर्दी वाढत गेली, सोमवारी रविवारपेक्षा जास्त लोक आले. नाटकासारख्या सिनेमाचं हे असंच असतं. एक बाई बघून जाते, घरी सांगते, मग जाऊबाई आणि शेजारीण येतात. याला चार-पाच दिवस लागतात. तोवर गुरुवार उजाडतो आणि नव्या सिनेमासाठी शो उतरवले जातात. माझ्या हातात तेव्हा पाच लाख जरी असते तरी सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर एवढाच पट्टा धरून तिसरा आठवडा काढला असता. वीस-पंचवीस थिएटरं घ्या आणि ती जपा.

कुणी म्हणेल, मराठीला प्राइम टाइमचा नियम आहे. आहे, मल्टिप्लेक्सने दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये मराठी सिनेमाचा शो लावायचा, असा तो २०१५ मध्ये सरकारने केला. पण त्या शुक्रवारी तीन मराठी सिनेमे लागले असतील तर तो शो तुमच्याच वाट्याला येईल असं कुठेही लिहिलेलं नाही.

घाबरू नका, थिएटर हा एकच दरवाजा नाही. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांसाठी अनुदान आहे, आमच्या वेळी अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० होतं. आम्हाला ब मिळाला आणि त्या ३० लाखांनी अक्षरशः तारलं. गोरेगावच्या चित्रनगरीतून हे काम चालतं. कागद पहिल्या दिवसापासून जपा: मराठी चित्रपट महामंडळाकडची नोंदणी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, प्रत्येक बिल. पण ते पैसे रिलीजनंतर येतात आणि तोवर व्याज थांबत नाही. दर्जा मिळेलच असं धरून कर्ज काढू नका. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क मिळून आमचे २८ लाखांना गेले. पाच वर्षांपूर्वीचे भाव सांगून "चॅनल सगळं बजेट देतं" म्हणणारा माणूस भेटला तर चहा प्या आणि उठा. शूटिंगच्या आधी दोन चॅनलच्या खरेदी विभागाला स्क्रिप्ट दाखवा. नकार आला तरी भाव कळतो, आणि भाव कळला की बजेट आपोआप खाली येतं.

गुरू कुणाला करायचं, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ज्याने गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या पैशाने एकही सिनेमा लावलेला नाही, त्याच्याकडून कॅमेरा शिका, लेखन शिका, पण बजेट शिकू नका. ते प्रॉडक्शन कंट्रोलरकडून आणि वितरकाच्या हिशेबनिसाकडून शिकायचं. आणि तिकिटं स्वतःच विकत घेऊन शो भरलेले दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दीडशे तुमच्या खिशातून जातात आणि सत्तावन्न परत येतात, वर कराडचा खरा आकडा कुठला हेही कळेनासं होतं.

८ लाख ३५ हजार, ३० लाख आणि २८ लाख. गेलेले १ कोटी २५. साडेअठ्ठावन्न लाखांच्या वर खड्डा आहे आणि तो मी अजून भरतोय. रात्री झोप लागत नाही असे दिवस येतात. तरीही सिनेमा करू नका असं मी कुणालाच सांगणार नाही. कराडच्या त्या सोमवारच्या शोला दिवे लागल्यावर एक आजी खुर्चीतून उठल्याच नाहीत, नातीचा हात धरून बसून राहिल्या. त्यांच्यासाठीच तर केला होता.

पुढची कथा तयार आहे. एकच घर, पाच पात्रं, १९ दिवसांचं शूटिंग, पावसाळा सोडून. सगळे मिळून ७० लाख. त्यातले २५ रिलीजचे, व्हीपीएफ धरून, आधीच वेगळ्या खात्यात ठेवलेत. त्या खात्यावर माझी सही चालत नाही. मामांची लागते, आणि मामांनी बजावलंय, "घाटावर कितीही पाऊस पडू दे, मला फोन करू नकोस."