नळाची चोच, कढईचं अंग: भंगारातला फ्लेमिंगो

ठाणे खाडीत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो असतात, त्यामुळे ऐरोली-वाशीकरांना नमुना समोरच आहे. जुना नळ हातात घेऊन फिरवून बघा, खाली वळलेली चोच लगेच दिसेल. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, तेही असंच. आधी वस्तूत आकार दिसायला हवा, पाना-पकड नंतर.

सामान: २० सेंमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सारख्या कढया, अर्धा इंची नळ, गीझरला लावतात तसा १८ इंची जाळीदार कनेक्शन पाइप, ४ मिमी जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार, ८ मिमी सळईचे ६० सेंमीचे दोन तुकडे, वीसेक स्टीलचे चमचे, बांधणीची तार, एम-सील, सायकलची जुनी ट्यूब आणि एक घमेलं. नळ प्लास्टिकचाच घ्या. पितळी नळाच्या वजनाने मान हळूहळू लोंबते, शिवाय पितळेला भंगारवाला बरा भाव देतो.

तेलकटपणा काढायला साबण पुरे. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नका, ते काळं पडतं.

सळईचं वरचं ६ सेंमीचं टोक काटकोनात वाकवा. कढईच्या तळाला भोक पाडून हे टोक आत घ्या, आडवं ठेवून शेजारी ३ मिमीची भोकं पाडून तारेने आवळा. मधे ट्यूबचा तुकडा हवाच, कारण खाडीच्या खारट दमट हवेत लोखंडाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं. सगळं घट्ट बसल्यावरच वर एम-सील. नुसत्या एम-सीलच्या भरवशावर राहिलात तर पाय हमखास सुटतो. पायाचा बाक मागे ठेवा. आपल्याला तो गुडघा वाटतो, पण पक्ष्याचा तो घोटा असतो.

मानेसाठी नळाच्या शेपटीत एम-सील भरून तार खुपसा. ते कडक झालं की पाइप तारेवर ओवून नळावर फिरवून बसवा. तारेचं १० सेंमी टोक कढईत घेऊन सळयांनाच बांधा, मग मानेला वळण द्या.

पाय घमेल्यात उभे करा आणि काँक्रीट ओतण्याआधी ओळंबा सोडा. अंग आणि डोकं मिळून तोल दोन पावलांच्या मधे आला पाहिजे. पुढे झुकत असेल तर मान मागे घ्या. काँक्रीट सिमेंट १, वाळू २, खडी ३ या मापाने, जाडी ८ सेंमी. पाय दोरीने ताणून एक दिवस हलवू नका, पुढे आठवडाभर पाणी मारा.

आता दुसरी कढई पालथी घाला. कानावर कान येतात, तिथेच बोल्ट लागतो. पिसं म्हणजे चमचे. शेपटीपासून पुढे, कौलं चढवतात तशी एकावर एक. ती कढईला रिव्हेटने जोडा: ३.२ मिमी रिव्हेटला ड्रिलचं ३.३ मिमीचं बीट, वेग कमी आणि तेलाचा थेंब. जोरात फिरवलं की बीट तापतं, घासून स्टील आणखी टणक होतं आणि बीटची धार जाते. ड्रिल चालवताना चष्मा घाला. कापडी हातमोजे मात्र नकोत, ते बीटमध्ये अडकतात.

सळईला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात), वर ऑइल पेंट. हे काम जूनच्या आत उरका. खालच्या कढईच्या तळाला ५ मिमीचं भोक ठेवाच, नाहीतर आत पाणी साचेल आणि डास तपासायला पालिकेची माणसं आली की पहिलं बोट तुमच्या पक्ष्याकडे जाईल.