ओव्हरक्लॉक केलेला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला) पीसी रेंडर करताना रीस्टार्ट होत असेल तर

लक्षण: इंटेलचा कोअर आय५-१२६००के प्रोसेसर, सगळे पी-कोअर (वेगवान गाभे) ५.० गिगाहर्ट्झवर, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) १.३० व्होल्ट. ब्राउझिंगला तासन्‌तास ठीक. रेंडर (थ्रीडी चित्र किंवा व्हिडिओ तयार करण्याचं जड काम) लावलं की थोड्या वेळात थेट रीस्टार्ट. व्होल्टेज १.३८ केलं की क्रॅश थांबायचा, पण तापमान १०० अंशांना टेकून क्लॉक (वेग) आपोआप उतरायचा. थर्मल पेस्ट बदलली, पंखे वाढवले, एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद केलं, फरक शून्य. वैताग आला होता.

उलगडा एचडब्ल्यूइन्फोमध्ये (व्होल्टेज, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) झाला. बायोसमध्ये १.३० असलं तरी लोडखाली (जड काम चालू असताना) व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज, १.२० पर्यंत घसरत होता; ते कमी पडून रीस्टार्ट व्हायचा. बघायचा आकडा हाच, लोडखालचा.

मग या क्रमाने गेलो. आधी गुणक ४९ (म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ). मग लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली होणारी व्होल्टेजची घसरण कमी करणारं सेटिंग) मधल्या पायरीवर; सर्वांत कडक पायरी नको, लोड सुटताना व्होल्टेज उसळतं. (काही बोर्डांवर १ म्हणजे सर्वांत कडक, काहींवर उलटं, बायोसमधला आलेख बघा.) मग बायोसमधलं व्होल्टेज १.२८ पासून ०.०१ ने खाली, दर वेळी सिनेबेंच (रेंडर करून प्रोसेसर तपासणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास. डब्ल्यूएचईए एररचा (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअर चुकांचा) आकडा शून्यच हवा; क्रॅश न होताही तो वाढला तर व्होल्टेज ०.०१ ने वर.

आता लोडखाली १.२३, तापमान ८८. ठाण्यासारख्या गरम शहरात चाचणी मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद ठेवूनच करा: खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो.