ओएसपीएफमध्ये एरिया पाडताय? आधी या चुका टाळा

ओएसपीएफ म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते (रूट) सांगतात तो प्रोटोकॉल, एरिया म्हणजे त्यातले गट, आणि एरिया ० हा मधला मुख्य गट. पाच-सात राउटरचं नेटवर्क असेल तर सगळं एरिया ० मध्येच ठेवा. हे आधीच सांगून टाकतो, कारण छोट्या कंपनीत ओएसपीएफची जी डोकेदुखी होते ती बऱ्याचदा गरज नसताना एरिया पाडल्यामुळेच होते. मेन ऑफिस एरिया ०, फॅक्टरी एरिया १, वेअरहाउस एरिया २ असं कागदावर एकदम नीटनेटकं दिसतं, पण एरियाचा आणि बिल्डिंगचा काही संबंध नाही. एका एरियातल्या प्रत्येक राउटरकडे त्या एरियाचा पूर्ण डेटाबेस (सगळ्या लिंकचा नकाशा) असतो आणि एखादी लिंक पडली की सगळ्यांना एसपीएफचं, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्ता शोधायचं, गणित परत करावं लागतं, राउटर शेकड्यात गेले की हे जड जातं म्हणून एरिया असतात. दहा राउटरचं गणित आजच्या साध्या राउटरलासुद्धा काहीच वाटत नाही.

तरीही एरिया पाडायचेच असतील, किंवा आधीच्या माणसाने पाडून ठेवलेले तुमच्या गळ्यात पडले असतील, तर पहिला नियम म्हणजे प्रत्येक एरिया एरिया ० ला चिकटलेला पाहिजे. इथली चूक फार फसवी असते. समजा आर१ मेन ऑफिसात, त्याच्या मागे आर२ एरिया १ मध्ये, आणि नंतर नवीन ब्रँच आली म्हणून आर२ च्या मागे आर३ लावला आणि त्या लिंकला एरिया २ दिला. आर२ वर लॉगिन करून बघितलं तर दोन्ही नेबर (ओएसपीएफने जोडलेले शेजारचे राउटर) फुल, म्हणजे पूर्ण जुळलेले, दिसतात, आर२ वरून आर१ च्या मागचं पिंग होतं, आर३ चं पण होतं, सगळं छान. पण आर१ च्या राउटिंग टेबलमध्ये आर३ चं नेटवर्क येतच नाही आणि आर३ ला बाहेरचं काही दिसत नाही. कारण आर२ चा एकही इंटरफेस एरिया ० मध्ये नाही, त्यामुळे तो एका एरियाचे रूट दुसऱ्यात देतच नाही. लोक आर२ वरूनच टेस्ट करत बसतात आणि मग फायरवॉलवर संशय घेतात. टेस्ट दोन्ही टोकांवरून करा, मधून नाही.

यावर उपाय म्हणून व्हर्च्युअल लिंक (मधल्या एरियातून एरिया ० पर्यंत टाकलेली नावापुरती लिंक) सगळीकडे सांगितली जाते. चालते ती, पण ज्या एरियातून ती जाते तो स्टब (ओएसपीएफबाहेरचे रूट आत न घेणारा एरिया) असून चालत नाही, आणि उद्या एरिया ० वर ऑथेंटिकेशन लावलं की व्हर्च्युअल लिंकला पण लावावं लागतं, ते हमखास विसरलं जातं. आर३ पण एरिया १ मध्ये घ्या, विषय संपला.

आता नेबरच होत नसेल तर. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, एरियाची हद्द राउटरच्या आत असते, वायरवर नसते. म्हणजे एका लिंकच्या दोन्ही टोकांना एकच एरिया पाहिजे, एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला १ असं कधीच चालणार नाही. त्याशिवाय हॅलो आणि डेड टायमर (हॅलो पॅकेट किती वेळाने पाठवायचं आणि किती वेळ आलं नाही तर नेबर गेला समजायचं; इथरनेटवर डिफॉल्ट १० आणि ४० सेकंद), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि स्टबचा फ्लॅग हे सगळं जुळलं पाहिजे. प्रोसेस नंबर मात्र जुळायची गरज नाही, तो फक्त त्या राउटरपुरता असतो, त्यावर उगाच वेळ घालवू नका. आणि मध्ये एसीएल (पॅकेट सोडायची-अडवायची यादी) असेल तर प्रोटोकॉल ८९ (हा ओएसपीएफचा नंबर) आणि त्याचे मल्टिकास्ट पत्ते २२४.०.०.५, २२४.०.०.६ सोडलेत का ते बघा, पिंग होतंय म्हणून ओएसपीएफ पण जात असेल असं काही नाही.

सिस्कोच्या राउटरवर 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' या कमांडमध्ये स्टेट काय दिसतंय ते नीट वाचा, निम्मं उत्तर तिथेच असतं. काहीच नाही म्हणजे वरच्यापैकी काहीतरी जुळत नाहीये किंवा त्या इंटरफेसवर पॅसिव्ह (हॅलो बंद) लागलंय. इनिट म्हणजे समोरच्याचे हॅलो तुम्हाला येतात पण तुमचे त्याला मिळत नाहीत. एक्सस्टार्टवर अडकलं तर आधी एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) बघा, व्हीपीएन टनेलवर हे फार होतं, एका टोकाला १४०० आणि दुसऱ्याला १४७६ असं काहीतरी असतं. 'एमटीयू इग्नोर' मारून नेबर फुल होतो खरा, पण मोठी पॅकेट नंतर अडकतात ती अडकतातच, त्यामुळे दोन्हीकडे एमटीयू सारखाच करा. टू-वेवर थांबलं म्हणून घाबरू नका, एका स्विचवर चार राउटर असतील तर डीआर आणि बीडीआर (त्या स्विचवर सगळ्यांशी फुल होणारे मुख्य आणि राखीव राउटर) सोडून बाकीचे आपसात टू-वेवरच राहतात, ते बरोबर आहे.

सगळ्यात जास्त छळणारा प्रकार म्हणजे नेबर फुल आहे, डेटाबेस भरलेला आहे, पण टेबलमध्ये रूट नाही. अशा वेळी दोन्ही टोकांचा नेटवर्क टाइप बघा. एकीकडे पॉइंट-टू-पॉइंट आणि दुसरीकडे ब्रॉडकास्ट असेल तर टायमर तेच असल्यामुळे नेबर मस्त फुल होतो, पण दोघं त्या लिंकचं वर्णन वेगवेगळं करतात म्हणून एसपीएफला रस्ता जोडताच येत नाही.

स्टब करायचा असेल तर त्या एरियातल्या प्रत्येक राउटरवर स्टब लिहा, 'नो समरी' (दुसऱ्या एरियांचे रूटही आत न पाठवणं) मात्र फक्त एबीआरवर, म्हणजे एरिया ० आणि त्या एरियाच्या हद्दीवरच्या राउटरवर. आणि त्या ब्रँचला स्वतःचं वेगळं इंटरनेट असेल आणि तो डिफॉल्ट रूट (ज्याचा वेगळा रस्ता माहीत नाही त्या सगळ्यासाठीचा रस्ता) ओएसपीएफमध्ये द्यायचा असेल तर स्टब चालणार नाही, तिथे एनएसएसए (आतून बाहेरचे रूट देऊ देणारा स्टबचा प्रकार) लागतो. सिस्कोवर साध्या एनएसएसएमध्ये एबीआर आपणहून डिफॉल्ट रूट देत नाही, सांगावं लागतं, आणि इथेच मेन ऑफिसमधून इंटरनेट घेणाऱ्या ब्रँचचं इंटरनेट गायब होतं.

बाकीच्या किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: राउटर आयडी हाताने द्या, कॉन्फिग कॉपी-पेस्ट केल्यावर दोन राउटरला एकच आयडी राहतो आणि मग रूट येतात-जातात. रेफरन्स बँडविड्थ (जिच्यावरून लिंकची कॉस्ट, म्हणजे रस्ता निवडायचा आकडा, निघतो) डिफॉल्ट १०० एमबीपीएस असते त्यामुळे १०० ची लिंक आणि १ गिगची लिंक दोघांची कॉस्ट १ च येते, ती वाढवा आणि सगळ्या राउटरवर सारखीच वाढवा. आणि 'नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०' अशी एका ओळीत सुटका करून घेऊ नका, त्याने आयएसपीकडच्या इंटरफेसवर पण हॅलो जायला लागतात. प्रत्येक इंटरफेसवर एरिया लिहा, 'पॅसिव्ह इंटरफेस डिफॉल्ट' ठेवा आणि फक्त राउटरकडे जाणाऱ्या लिंक उघडा.

चालू नेटवर्कवर एरिया बदलताना लांबचं टोक आधी बदला. जवळचं आधी बदललं तर लांबच्या राउटरचा लूपबॅक (राउटरचा स्वतःचा आतला आयपी) टेबलमधून जातो आणि तुम्ही बाहेर. शेजारच्या राउटरवरून लिंकच्याच आयपीवर लॉगिन करा, तो डायरेक्ट कनेक्टेड असल्यामुळे ओएसपीएफ पडलं तरी मिळतो. सुरू करायच्या आधी कॉन्फिग सेव्ह करा आणि 'रीलोड इन १०' लावून ठेवा, म्हणजे हातातून गेलाच तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येईल. सगळं फुल झालं, दोन्ही टोकांवरून पिंग झालं, की 'रीलोड कॅन्सल' मारा आणि मगच सेव्ह करा.