तिसरा शनिवार, दुपारी चार: एचआरवाल्यांची बैठक कशी चालवावी

नागपुरात आमचा एचआरवाल्यांचा, म्हणजे कंपन्यांत भरती, हजेरी, पगार बघणाऱ्यांचा, एक गट आहे. वर्धा, अमरावतीकडून अधूनमधून फोन येतो. "ताई, आम्हालाही तुमच्यासारखा एचआरवाल्यांचा गट सुरू करायचा आहे, पहिल्या बैठकीला पाहुणा कोणाला बोलवू?" मी सांगते, पाहुणा राहू द्या, आधी तारीख ठरवा.

महिन्याच्या 1 ते 7 तारखेत एचआरवाल्याला बैठकीचं आमंत्रण देणं म्हणजे लग्नघरी जाऊन उसने पैसे मागणं. 7 तारखेच्या आत पगार, 15 तारखेच्या आत पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयचं (कामगार विमा) चलान, महिनाअखेर व्यवसाय कर आणि पुढच्या महिन्याचं मस्टर, म्हणजे हजेरीपट. मोकळी जागा उरते 16 ते 22 या तारखांमध्ये. तिसरा शनिवार कधीही 15 च्या आधी येत नाही आणि 21 च्या पुढे जात नाही, म्हणून आम्ही तो धरला. तो 15 लाच आला तर चलानवाले थोडे उशिरा येतात, तेवढं चालतं. आमचं हे नववं वर्ष. तारीख हलली ती फक्त डिसेंबरात. हिवाळी अधिवेशन सुरू असलं की सिव्हिल लाइन्स आणि वर्धा रोडला बंदोबस्त, वळवलेले रस्ते, मोर्चे. बुटीबोरीहून निघालेला माणूस चारच्या बैठकीला सहाला पोचतो. मे महिन्यात तारीख तीच ठेवतो, वेळ साडेपाच करतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आसपास दुपारी चारला नागपुरात घराबाहेर पडा म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

जागेचा घोळ आम्ही दोन वर्षं घातला. हिंगणा एमआयडीसी शहराच्या एका टोकाला, बुटीबोरी दुसरीकडे 25-30 किलोमीटरवर, कळमेश्वरची मंडळी तिसरीकडे. सुरुवातीला हॉटेलचा हॉल घ्यायचो. पैसे कोण देणार? एखादी मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी द्यायची. मग तिचा माणूस चाळीस मिनिटं स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या स्लाइडी दाखवायचा आणि आम्ही पनीर टिक्का खात टाळ्या वाजवायचो. नंतर आळीपाळीने एकेका कंपनीची ट्रेनिंग रूम घेऊन पाहिली. तिथे गेटवर सिक्युरिटी नाव, कंपनी, येण्याचं कारण लिहून घ्यायची, आणि स्पर्धक कंपनीचा एचआर मॅनेजर आपल्याकडे कशाला आला होता, याची सोमवारी वरून चौकशी व्हायची. आता सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजची वर्गखोली घेतो. शनिवारी दुपारनंतर ती रिकामीच असते. मेट्रोच्या दोन्ही लाइनी सीताबर्डीला मिळतात. हिंगण्याची माणसं लोकमान्य नगरहून बसतात, बुटीबोरीची खापरीपर्यंत गाडीने येऊन पुढे मेट्रो धरतात. माणशी शंभर रुपये, त्यात चहा आणि तर्री पोहे. प्रायोजक नाही, त्यामुळे कोणाचं ऐकूनही घ्यावं लागत नाही.

बोलवायचं कोणाला? इथे बहुतेक गट चुकतात आणि नुसते मॅनेजर गोळा करतात. माझी नोकरी टाइम ऑफिसात, म्हणजे कारखान्याची हजेरी ठेवणाऱ्या खोलीत, सुरू झाली, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगते. पण ज्या बाबूने वीस वर्षं पीएफचे फॉर्म भरले, नावातल्या एका स्पेलिंगपायी अडकलेला क्लेम सोडवून आणला, तो खोलीत नसेल तर तुमच्या चर्चेला बूड नाही. कारखान्यात 250 कामगार असले की कायद्याने कल्याण अधिकारी ठेवावा लागतो. त्यांना बोलवा. हॉस्पिटलमध्ये नर्सेसच्या ड्युट्या लावणारी बाई, शाळेची हेड क्लार्क, परसोडीच्या आयटी पार्कातली आणि मिहानमधली तरुण मुलं, सगळ्यांना. आयटीवाल्यांना पहिल्या दिवशी वाटतं आपण चुकीच्या खोलीत आलो, इथे सगळे कँटीन आणि ठेकेदारावरच बोलून राहिले. मग रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडण्याचा विषय निघतो आणि कारखानावाले त्यांच्यासमोर वही उघडून बसतात.

बैठक दीड तासाची. पहिली वीस मिनिटं 'महिन्यात काय बदललं' याला. एकच माणूस, एकच बदल, फळ्यावर आकड्यांसकट. स्लाइडला बंदी.

या वीस मिनिटांचं मोल आम्हाला 2025 च्या नोव्हेंबरात कळलं. 21 तारखेला, शुक्रवारी, चारही श्रम संहिता लागू झाल्याची घोषणा झाली. 29 जुने कायदे त्यांत सामावले. आमचा तिसरा शनिवार आदल्याच आठवड्यात होऊन गेला होता. ग्रुपवर रात्रीतून धुमाकूळ: पगार निम्मा हातात येणार, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी सेवेची रक्कम) सगळ्यांना वर्षात मिळणार, बेसिक म्हणजे मूळ पगार आजच दुप्पट करा. म्हणून 29 तारखेला जादा बैठक घेतली. आमच्यातले एक टाइम ऑफिसवाले भाऊ फळ्यापाशी गेले आणि एवढंच लिहिलं: एकूण 30,000, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता 10,000, बाकी भत्ते 20,000. नव्या संहितेत वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंतच वगळता येतात, म्हणजे 15,000. वरचे 5,000 परत वेतनात धरायचे, म्हणून वेतन झालं 15,000. आजवर 10,000 वर 12 टक्के पीएफ कापत असाल तर 1,200 चे 1,800 होणार. आधीपासूनच पीएफच्या 15,000 च्या मर्यादेवर कापत असाल तर पीएफपायी हातात येणाऱ्या पगाराला धक्का नाही. मग खडू ठेवून ते म्हणाले, "याच्यात रात्रभर घाबरण्यासारखं काय हाय, बावा?"

वर्षात ग्रॅच्युइटी ही ठरावीक मुदतीवर नेमलेल्यांसाठी आहे, कायम कामगाराची पाच वर्षांची अट तशीच आहे, हे त्याच दिवशी स्पष्ट झालं. राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, हे वाचल्यावर मात्र खोली गप्प झाली. 'फुल अँड फायनल', म्हणजे सोडून जाणाऱ्याचा शेवटचा हिशोब, 45 दिवसांनी देण्याची सवय आमच्यात बऱ्याच जणांना होती. मलाही.

यानंतरचा जवळजवळ एक तास एका प्रकरणाला द्या. माझ्या मते बैठक याच्यासाठीच असते. एचआरच्या माणसाला स्वतःच्या कंपनीत मन मोकळं करायला कोणी नसतं. मालकाला सांगावं तर त्याला वाटतं ही कामगारांची झाली, कामगारांना सांगावं तर ती मालकाचीच आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक. बाहेरच्या चार जणांत बसून 'माझं इथे चुकलं' म्हणता आलं पाहिजे. प्रकरण आणणाऱ्याने अर्धं पान लिहून आणावं: काय घडलं, मी काय केलं, कुठे अडलं. 'कर्मचाऱ्यांना प्रेरित कसं करावं' असला विषय कोणी आणला तर प्रेमाने परत पाठवा. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, पहिल्या पाळीत चाळीसपैकी अकरा जण आले' हा विषय. त्यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण झालं. कोणी म्हणालं पगार कापा, कोणी म्हणालं नोटीस द्या. शेवटी कळमेश्वरच्या एका मॅडमनी सांगितलं की त्या जानेवारीत सुट्ट्यांची यादी करतानाच युनियनसमोर बसतात आणि दुसऱ्या एका सणाची सुट्टी तान्ह्या पोळ्याकडे, म्हणजे त्याच मारबतीच्या दिवसाकडे, वळवतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणायला माणूस जाणारच, आपण अडवून कुठे थांबते?" पुढच्या वर्षी तिघांनी तसंच केलं.

प्रकरण मांडताना फोन पिशवीत, कंपनीचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. आणि एक गोष्ट नाव बदलूनही मांडायची नाही: लैंगिक छळाची तक्रार. 2013 च्या कायद्यातल्या 16 व्या कलमाने तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख, चौकशीचा तपशील जाहीर करायला मनाई आहे. 'आपल्याआपल्यात' म्हणून सूट घेऊ नका. प्रक्रियेचे प्रश्न मात्र जरूर घ्या, मुदती कशा मोजायच्या, अहवालात काय लिहायचं. दहा माणसांची कंपनी झाली की अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात एक बाहेरचा सदस्य हवा. तो शोधताना छोट्या कंपन्यांची दमछाक होते. आम्ही तयार असलेल्यांची यादी ठेवतो, पण 'तू माझ्या समितीवर, मी तुझ्या' हा साटंलोट्याचा प्रकार चालू देत नाही. यावरून दोन जण रागावून गट सोडून गेले. जाऊ दिले.

शाल-श्रीफळ नाही. दीपप्रज्वलन नाही. एकदा एका मोठ्या साहेबांच्या आग्रहाखातर केलं, तर मनोगतंच पावणेसहापर्यंत चालली आणि प्रकरण घेऊन आलेली पोरगी अर्धं पान घडी घालून परत गेली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्यापुढच्याही नाही.

आता पत्रकाबद्दल. महिन्याच्या घडामोडींचं एक पान काढायचं, पाठपोट. लिहायला सोपं वाटतं, पण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. चौथ्या वर्षी मी पत्रकात लिहिलं, 'बुटीबोरीतल्या एका कारखान्यात कँटीनच्या जेवणावरून दोन दिवस काम बंद, व्यवस्थापनाने ठेकेदार बदलला.' नाव कुठेच नव्हतं. पण त्या महिन्यात कँटीनवरून काम बंद पडलेला बुटीबोरीत एकच कारखाना होता. पत्रक फिरत फिरत तिथल्या संचालकाच्या टेबलावर गेलं आणि प्रकरण मांडणाऱ्या आमच्या मित्राला लेखी खुलासा द्यावा लागला. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण वर्षभर बैठकीत तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून प्रकरण तीन महिने शिळं झाल्याशिवाय पत्रकात येत नाही. जागा, उद्योग आणि आकडा या तिन्हींतलं किमान दोन काढून टाकते, आणि मांडणाऱ्याने वाचून होकार दिल्यावरच छापते. कोण आलं, कोण अध्यक्षस्थानी होतं, ही बातमी नव्हे. काय समजलं ते लिहा. वरचं 30,000 चं गणित आम्ही चौकटीत छापलं होतं, आजही कितीतरी टाइम ऑफिसांत ते भिंतीवर चिकटवलेलं दिसतं. सदस्याने नोकरी बदलली तर अभिनंदन त्याला विचारून आणि त्याचा नोटीस पिरियड संपल्यावर. एकदा मी हौसेने आधीच छापणार होते, नवऱ्याने थांबवलं. तो बँकेत आहे, त्याला गुप्ततेची जरा जास्तच सवय.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नियम थोडक्यात. सुप्रभात नाही, सणांचे फोटो नाहीत. जागा रिकामी असल्याचं टाकताना पगाराचा आकडा हवाच. 'आकर्षक वेतन' लिहिणाऱ्याचा संदेश मी काढून टाकते, मग तो माझा जुना साहेब का असेना. आणि 'हा मुलगा तुमच्याकडे होता, कसा आहे?' हा प्रश्न ग्रुपवर विचारायला सक्त बंदी. एकाने रागात लिहिलेल्या एका ओळीने पोराचं हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत दार बंद होतं, आणि का बंद झालं हे त्याला कधीच कळत नाही. विचारायचंच असेल तर उमेदवाराची परवानगी घेऊन त्याच्या जुन्या कंपनीला ईमेल करा.

गर्दी मोजत बसू नका. जुलैत धो धो पाऊस असला की आम्ही सात-आठ जणच असतो. एकदा चौघं होतो, तेव्हा फळा सोडून बाकावर गोल करून बसलो आणि आमच्यातल्या एकीने स्वतःचाच राजीनामा प्रकरण म्हणून मांडला. बैठक मात्र रद्द करू नका. एकदा रद्द झाली की पुढच्या वेळी प्रत्येक जण दुपारी तीनला फोन करून विचारतो, "आज आहे ना?"

मे महिना सोडला तर साडेसहाला खोलीची किल्ली शिपाईदादांकडे गेली पाहिजे. फळा पुसा, कारण त्यावर कोणाच्या तरी कंपनीचे पगाराचे आकडे असतात. पोह्यांची एक प्लेट आधीच त्यांच्यासाठी काढून ठेवा, उरलेलं देऊ नका. आमच्याकडे आता आम्ही पोचायच्या आत पंखे सुरू असतात आणि खडूचा नवा डबा टेबलावर असतो.