ट्रायथलॉनच्या सराव शिबिराला जाताना: निवडीपासून परतल्यानंतरच्या पंधरवड्यापर्यंत

ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत) शिबिरात माणसं ढेपाळतात ती साधारण तिसऱ्या दिवशी, पण चूक बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच झालेली असते. नवी जागा, ताजे पाय, सोबत आपल्यापेक्षा वेगवान मंडळी. पहिल्याच चढावर कुणीतरी पुढे निघतं आणि आपणही त्याच्या मागे लागतो. माझ्या पहिल्या शिबिरात मी हेच केलं. चौथ्या दिवशी खुल्या पाण्यातला, म्हणजे समुद्र-सरोवरासारख्या ठिकाणचा सराव होता. त्याच्यासाठीच तर मी गेले होते, आणि त्या सकाळी मला खोलीतून बाहेर पडता येईना. तेव्हापासून शिबिराची सगळी तयारी मी एका प्रश्नाभोवती करते: शेवटच्या दिवसाचा सराव मला नीट करता येईल का?

१. आधी कारण ठरवा, मग शिबिर

शिबिरं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काहींत तंत्रावर भर असतो: पोहण्याची पद्धत, सायकल हाताळणं, ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्याकडे जाताना कपडे-सामानाची अदलाबदल). काहींत नुसती अंतरं वाढवली जातात. तुमची पहिलीच शर्यत स्प्रिंटची (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं) किंवा ऑलिंपिक अंतराची (१.५, ४० आणि १० किमी) असेल, तर तंत्राचं तीन-चार दिवसांचं शिबिर घ्या. नवख्या माणसाला आठवडाभराच्या मोठ्या शिबिरापेक्षा त्यातून जास्त मिळतं, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या किंवा पूर्ण अंतराची (३.८, १८० आणि ४२.२ किमी) तयारी असेल, तर लांब शिबिराचा उपयोग होतो.

पैसे भरण्याआधी आयोजकांना स्पष्ट विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? खुल्या पाण्यात सोबत बोट किंवा कयाक असते का? सायकलच्या रस्त्यावर मागून गाडी येते का? वेगानुसार गट पाडतात का? मध्ये हलका दिवस आहे का? पाण्यातल्या सुरक्षेबद्दल उत्तर गोलमोल आलं, तर ते शिबिर सोडून द्या.

मोठं शिबिर शर्यतीच्या चार ते सहा आठवडे आधी असावं. शेवटच्या दोन आठवड्यांत केलेल्या जादा मेहनतीचा शर्यतीला फायदा होत नाही, थकवा मात्र सोबत येतो.

२. आधीचे सहा आठवडे

एरवी आठवड्याला सात तास सराव करणाऱ्याला शिबिरात चौदा-पंधरा तास करावे लागू शकतात. ही उडी एकदम घेऊ नका. घरीच दोन-तीन शनिवार-रविवार असे काढा, की शनिवारी लांब सायकल आणि रविवारी थकलेल्या पायांनी हलकं धावणं होईल. शिबिरात हेच रोज करायचं असतं. निघण्याआधीचे चार-पाच दिवस मात्र सराव निम्म्यावर आणा. हृदयाचा त्रास, दमा किंवा जुनी दुखापत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला याच काळात घ्या.

स्वतःचे आकडेही आत्ताच काढून ठेवा. पोहण्यासाठी ४०० मीटर आणि, पुरेशी विश्रांती घेऊन, २०० मीटर, दोन्ही जोरात पोहा आणि वेळांची वजाबाकी करा. समजा ४०० मीटरला ८ मिनिटं आणि २०० मीटरला ३ मिनिटं ४५ सेकंद लागले, तर फरक ४ मिनिटं १५ सेकंद. त्याचा निम्मा, म्हणजे १०० मीटरला सुमारे २ मिनिटं ८ सेकंद, हा तुमचा टिकाऊ वेग. सायकलवर पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल, तर २० मिनिटं पूर्ण जोराने चालवून येणाऱ्या सरासरी वॅटचे ९५ टक्के हा तुमचा टिकाऊ जोर धरा. हे आकडे जवळ असले, की दुसऱ्याच्या वेगामागे धावण्याचा मोह आवरता येतो.

३. सायकल आणि सामान

सायकलची सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करू नका. आठवडाभर आधी करून घ्या, म्हणजे नंतर एक-दोन फेऱ्या मारून काही करकरतंय का ते कळतं. पॅक करताना सीटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावून उंचीची खूण करा. पेडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. सोपी युक्ती अशी: पाना पेडलच्या आसावर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा, दोन्ही बाजूंना तेच. विमानाने जात असाल, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा आणि हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्यांबद्दल विमान कंपनीला आधी विचारा. मी साधा पंपच नेते.

बाकी सामान नेहमीचंच, काही गोष्टी मात्र विसरू नका. गॉगलच्या दोन जोड्या घ्या, एक फिकट काचेची आणि एक गडद. सायकलच्या पॅडवाल्या चड्ड्या किमान तीन हव्यात. ओली किंवा न धुतलेली चड्डी दुसऱ्या दिवशी घातली की घासून जखम होते आणि मग पुढचं शिबिर उभ्यानेच काढावं लागतं. त्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी), पंप, पुढचा-मागचा दिवा घ्या. पोहून बाहेर आल्यावर घालायला उबदार कपडे घ्या. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) असेल तर नखं कापून जा, कारण तो नखांनीच फाटतो. आणि नवीन काहीही नेऊ नका: नवे बूट नाहीत, नवी सीट नाही, कधी न चाखलेलं एनर्जी जेलही नाही.

४. पहिला दिवस

प्रशिक्षकाला खरं सांगा. गुडघा दुखतो, खोल पाण्याची भीती वाटते, अमुक औषध चालू आहे. हे सांगण्यात कमीपणा काहीच नाही, लपवण्यात मात्र धोका आहे. गट निवडताना शंका असेल, तर खालचा गट घ्या. वर जाणं सोपं असतं. वरच्या गटातून खाली यायला मन तयार होत नाही आणि तोवर पाय संपलेले असतात. पहिल्या दिवशी सायकलवर पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, एवढाच वेग ठेवा.

५. खुल्या पाण्यात

घरच्या जलतरण तलावात सहसा जमत नाही ते शिबिरात शिकायला मिळतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. तलावातला तळ दिसतो, रेषा दिसते, कठडा हाताशी असतो. इथे यातलं काहीच नसतं. थंड पाण्यात शिरताच श्वास अडकल्यासारखा होतो, छाती धडधडते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि ती साधारण एक-दोन मिनिटांत ओसरते. म्हणून सूर मारून आत जाऊ नका. कमरेइतक्या पाण्यात उभे राहा, चेहरा आणि मान भिजवा, वेटसूटच्या गळ्यातून थोडं पाणी आत घ्या, चेहरा पाण्यात घालून बुडबुडे सोडा. श्वास शांत झाला की मगच निघा.

दिशा पाहण्यासाठी डोकं पूर्ण वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि वेग मरतो. फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच डोकं उचला, समोर पाहा आणि मग मान बाजूला वळवून श्वास घ्या. सहा ते दहा हात मारल्यावर एकदा पुरे. लाटा असतील तर जरा जास्त वेळा. पाण्यावरचा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) लाटांत दिसत नाही, म्हणून त्याच्या मागच्या किनाऱ्यावरचं उंच झाड किंवा इमारत हेरून ठेवा. दुसऱ्याच्या पायांमागे पोहायचाही सराव करा. त्याने बरीच शक्ती वाचते, आणि शर्यतीत अंगाला अंग लागलं तरी घाबरायला होत नाही.

घाबरलात तर लगेच पाठीवर व्हा, तरंगा, हात वर करा. हे पहिल्याच दिवशी किनाऱ्याजवळ मुद्दाम करून पाहा. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधा, आणि एकट्याने कधीही पाण्यात जाऊ नका, फावल्या वेळातही नाही.

६. सायकल, धावणं आणि मधलं मिनिट

गटात सायकल चालवताना पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडेल असं कधी ठेवू नका. तो जरा वळला तरी पडता तुम्ही. एकदम ब्रेक दाबू नका, खड्डा दिसला तर हाताने दाखवा आणि ओरडून सांगा. हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवायला बंदी असते, म्हणून अंतर राखून एकट्याने चालवण्याचाही थोडा सराव मागून घ्या.

ट्रान्झिशनमध्ये एक नियम हाडीमासी भिनवा: सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद, परत आल्यावर सायकल जागेवर ठेवल्यानंतरच पट्टा उघडायचा. रिकाम्या जागेत दहा-दहा वेळा करा. कंटाळवाणं वाटतं, पण घाईत हात आपोआप चालायला हवेत.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पहिली काही मिनिटं पाय दुसऱ्याचे वाटतात. पावलं छोटी आणि भरभर टाका, वेग घड्याळावर पाहू नका. शिबिरात १५-२० मिनिटांचा ब्रिक पुरेसा आहे.

७. खाणं आणि झोप

शिबिर मोडतं ते बऱ्याचदा इथे. लांब सायकलवर पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पोटाला सवय असलेले ९० ग्रॅमपर्यंत जातात, पण ती सवय घरी लावायची असते. घाम खूप येत असेल तर नुसतं साधं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. सोबत क्षार घ्या. सराव संपल्यावर तासाभरात कर्बोदकं आणि २०-२५ ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या, कारण काही तासांनी पुढचा सराव उभा असतो. रात्री आठ तास झोप, दुपारी जमल्यास एक डुलकी.

८. कधी थांबायचं

सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील, झोप लागली नसेल, उगाच चिडचिड होत असेल, तर त्या दिवशीचा एक सराव सोडा. दोन्ही मांड्या सारख्या दुखणं ठीक. एकाच गुडघ्यात किंवा टाचेत, एका नेमक्या जागी टोचणारं दुखणं ठीक नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा स्नायू असह्य दुखून लघवी गडद तपकिरी झाली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे. सराव सोडल्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. तरी सोडा.

९. वही, आणि परतल्यावर

रोज रात्री तीन ओळी लिहा: प्रशिक्षकाने काय सुधारायला सांगितलं, काय खाल्लेलं पोटाला मानवलं, शरीर कसं होतं. शिबिरात कानावर इतकं पडतं की न लिहिलेलं आठवड्यात पुसलं जातं.

परतल्यावर चार-पाच दिवस अगदी हलके ठेवा. उत्साह असतो, पण या दिवसांत सर्दी-खोकलाही चटकन गाठतो. केलेल्या कामाचा फायदा शरीरात उतरायला दहा-चौदा दिवस लागतात. दोन आठवडे झाले की त्याच तलावात तीच ४०० आणि २०० मीटरची चाचणी पुन्हा द्या आणि नवा आकडा वहीत जुन्याच्या खाली लिहा.