दाराच्या चौकटीत बार लावण्यापूर्वीची तयारी

दाराच्या चौकटीत बसणारा पुल-अप बार, म्हणजे लटकून शरीर हातांनी वर ओढण्याच्या व्यायामाचा दांडा, विकत घेताना बहुतेक जण खोक्यावर छापलेली वजनाची मर्यादा वाचतात आणि निश्चिंत होतात. परंतु तो आकडा बारचा असतो, आपल्या चौकटीचा नसतो, म्हणून तयारीची सुरुवात घरातल्या दारापासून करावी.

धाब्याच्या जुन्या घरातली सागवानी चौकट कितीही भक्कम दिसली, तरी ती मातीच्या भिंतीत उभी असते, आणि पीळ देऊन ताणायचा बार दोन्ही बाजूंना सतत रेटा देत असल्याने तिथे तो लावूच नये. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत काही दारांना ग्रॅनाइटची चौकट असते. तिच्या गुळगुळीत पॉलिशवर बारच्या टोकांच्या रबराची पकड टिकत नाही आणि कडेचा टवकाही उडू शकतो, तेव्हा तीही वगळावी. पत्र्याची पोकळ चौकट दाबाने चेपते. राहिली विटांच्या भिंतीतली लाकडी चौकट. तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकत खालून वरपर्यंत जावे; आवाज पोकळ आला, भुसा गळाला किंवा चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये भेग दिसली, तर वाळवी लागली असेल किंवा होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, सुटला असेल असे समजून आधी सुताराला बोलवावे. चौकटीच्या वरच्या कडेवर अडकवायच्या बारला मागच्या बाजूने भिंतीबाहेर आलेली पट्टी लागते, आणि आपल्याकडे चौकट बहुधा गिलाव्याच्या बरोबरीला असते, म्हणून ती पट्टी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तसा बार आणू नये.

यानंतर बार जिथे बसणार, त्याच उंचीवर चौकटीच्या आतली रुंदी टेपने मोजावी. बार जितका जास्त बाहेर ओढावा लागतो तितका तो कमजोर होतो, त्यामुळे आपले माप त्याच्या कमाल लांबीच्या अगदी टोकाला येत असेल तर मोठा बार घ्यावा. बारची टोके ज्यांत बसतात त्या, सोबत मिळणाऱ्या लोखंडी वाट्या चौकटीत स्क्रूने बसवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. चौकटीला चार भोके पडतात म्हणून घरातले नाराज होतील, पण बार घसरलाच तर त्या वाट्याच त्याला धरून ठेवतात. स्क्रू मारण्याआधी बारीक बिटने भोक पाडून घ्यावे, म्हणजे लाकूड चिरत नाही.

आपल्या भागात एक काळजी अधिक घ्यावी लागते, आणि ती मला अनुभवाने कळली. हिवाळ्यात घट्ट बसवलेला माझा बार मे महिन्याच्या एका सकाळी हात लावताच बोटभर खाली सरकला. पाय जमिनीवर होते म्हणून इजा झाली नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना कोरड्या हवेत लाकूड आकसते, पावसाळ्यात ते फुगते, आणि एकदा दिलेला पीळ वर्षभर पुरत नाही. तेव्हापासून बार लेव्हलमध्ये बसवला की रबराच्या खालच्या कडेला लागून चौकटीवर पेन्सिलची बारीक रेघ मी ओढतो. व्यायामाआधी ती रेघ पाहायची. रबर आणि रेघ यांचे अंतर केसभर जरी बदललेले दिसले, तरी लटकायचे नाही, बार पुन्हा बसवायचा. नव्याने बसवल्यावर पाय जमिनीवर ठेवून निम्मे वजन द्यावे, मग पूर्ण वजनाने दहा सेकंद स्थिर लटकावे आणि उतरून रेघ पुन्हा पाहावी.

दाराभोवतीची जागा मोकळी करणे हे काम दोन मिनिटांचे आहे. पायपुसणे काढावे, कपाळपट्टीवरचे तोरणाचे खिळे उपटावेत, दार पूर्ण उघडून अडकवावे. ज्या दाराला उंच उंबरठा आहे ते टाळावे, कारण उतरताना घोटा त्यावरच मुरगळतो.

आता प्रत्यक्ष व्यायामाविषयी. खांद्याचे जुने दुखणे किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. हाताचा घाम टॉवेलने पुसून, खांदे मोकळे करून बार धरावा. उडी मारून झेप घेऊ नये, कारण झटक्याचा भार शरीराच्या वजनाहून बराच जास्त असतो, आणि झोके घेणे किंवा उलटे लटकणे चौकटीतल्या बारवर पूर्णपणे वर्ज्य समजावे. पहिल्याच दिवशी एकही पुल-अप निघाला नाही तर खचू नये. स्टुलावरून हनुवटी बारच्या वर न्यावी आणि तिथून पाच सेकंद घेत, हात पूर्ण सरळ होईपर्यंत हळूहळू खाली यावे. अशी चार आवर्तने, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा चार, आणि आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवस आड करून. तळवे आपल्याकडे वळवलेली पकड सुरुवातीला सोपी जाते, कारण दंडाचे पुढचे स्नायू जास्त मदत करतात. वर जाताना खांदे कानांकडे चढू न देता आधी खाली ओढावेत, मग कोपर वाकवावेत. हा क्रम सांभाळला तर भार पाठीवर येतो आणि खांदा दुखण्याची शक्यता कमी होते.

घरात लहान मुले असतील, तर व्यायाम संपताच बार उतरवून त्यांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा, आणि रबरावर बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून ते पूर्ण वाळल्यावरच दुसऱ्या वेळी बार चढवावा.